वहिनींच्या हवाली मासे

चष्मेवाल्या वहिनींसमोर वाकडा चष्मा घालून उभं राहायची सोय नाही. समोरचा आपला बोलत असतो आणि वहिनींचं लक्ष त्याच्या नाकावर. थोडा वेळ त्या कशीबशी कळ काढतात आणि मग हात पुढे करतात, "द्या बघू इकडे." समोर बँकेतला साहेब असो नाहीतर तापाने फणफणलेली शेजारीण असो, चष्मा नाकावरून उतरतो, पिशवीतल्या मऊ फडक्याने पुसला जातो, बोटांच्या दोन दाबांत सरळ होतो आणि परत नाकावर जाऊन बसतो. तो खरोखरच आधीपेक्षा नीट बसतो, हीच तर पंचाईत आहे. कोणाला रागावताही येत नाही.

त्यांची नोकरी चष्म्याच्या दुकानात. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, डोळ्यांना धड दिसत नाहीत असले स्क्रू पिळायचे. दिवसभर बारीक कामात डोकं घालून बसल्यामुळे की काय कोण जाणे, दुकानाबाहेरची प्रत्येक ढिली गोष्टसुद्धा आपल्यालाच घट्ट करायची आहे अशी त्यांची समजूत. कोणाच्या घरात नाक खुपसायला त्यांना आमंत्रण लागत नाही. उलट कामाला पडायला सगळ्यांच्या आधी हजर, त्यामुळे लोक कुरकुरतात आणि अडीअडचणीला त्यांनाच हाक मारतात. त्यांचं काही म्हणजे काही चालत नसे अशी जगात एकच जागा होती, आणि ती त्यांच्याच घरात होती. दिराची वरची खोली.

दीर लिफ्ट दुरुस्त करणारा. लोक त्याला लिफ्टवाला म्हणत, वहिनी भाऊजी म्हणत, आणि तो स्वतः फारसं काही म्हणत नसे. चाळिशी आली, पण लग्नाचा विषय निघाला की तोंडात मिठाची गुळणी. एका घरात इतकी वर्षं काढली, पण वहिनींकडे त्याने कधी काही मागितलं नव्हतं. ताप आला तर दार लावून पडून राही आणि उतरल्यावर खाली येई. वहिनींना हे फार लागे. "मी काय परकी आहे?" असं त्या नवऱ्याला विचारत. नवरा बेकरीत भट्टीवर. पहाटे जायचा आणि दुपारी येऊन आडवा व्हायचा. तो उशीवरूनच म्हणे, "अगं, तो माझ्याकडेही काही मागत नाही. मी झोपतोच ना शांत?"

लोखंडी जिना चढून गेलं की ती खोली, आणि खोलीभर काचेच्या बरण्या. एका बरणीत एक बेटा मासा, दुकानात ज्याला फायटर म्हणून विकतात तो. दोन नर एकमेकांना दिसले की गालफडं फुगवून काचेवर धडका मारतात, म्हणून दर दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. पाण्यात बदामाची वाळकी पानं टाकलेली, त्यामुळे पाण्याला फिक्या चहाचा रंग. वहिनी त्यांना बरणीतले पैलवान म्हणत. वर जायला त्यांना बंदी नव्हती, पण त्या गेल्या की दीर हातातलं काम थांबवून उभा राही, त्या परत फिरेपर्यंत तसाच. त्यापेक्षा येऊ नका म्हटलेलं परवडलं असतं.

या माणसाने वर्षानुवर्षं जोड्या लावून स्वतःचा एक रंग काढला होता. अंग पांढरंशुभ्र, आणि पर आणि शेपटीला काजळ घातल्यासारखी बारीक काळी कड. असा मासा बाजारात मिळत नव्हता. पण त्या रंगाचा आता एकच नर उरला होता, तोही म्हातारा, आणि त्याचा लौकिकही काही चांगला नव्हता. एकदा त्याने अंडी फस्त केली होती. पुढच्या खेपेला पिल्लं निघाली, पण तीही जगली नाहीत, आणि त्याचंही बिल दिराने याच्याच नावावर फाडलं होतं. आता याच्यामागे पिल्लं राहिली नाहीत तर तो रंग संपला, इतका साधा हिशेब होता.

तर जोडी लावायला ठेवलेल्या काचेच्या टाकीत या म्हाताऱ्याने पुन्हा एकदा पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं. मादीने अंडी घातली, नराने ती एकेक करून तोंडाने उचलून बुडबुड्यांत चिकटवली, दिराने मादीला बाहेर काढून तिच्या बरणीत ठेवलं, आणि त्याच दिवशी दिराचा हर्निया अडकला. कित्येक महिने तो हे दुखणं दाबून होता. भिंतीला धरून जिना उतरला तेव्हा चेहरा पांढराफटक. नवऱ्याला बेकरीतून बोलावलं, टॅक्सी दाराशी आली, आणि टॅक्सीत बसता बसता तो वहिनींकडे वळला.

"वहिनी, वरचे मासे तुम्ही बघाल?"

पोटात कळा येताहेत, डोळ्यांपुढे अंधारी, आणि हा माणूस पहिल्यांदा काहीतरी मागत होता. वहिनींना एकदम गहिवरून आलं.

"तुम्ही काही काळजी करू नका, भाऊजी. काय काय करायचं तेवढं सांगा."

"काहीच करायचं नाही," तो म्हणाला. "तेच अवघड आहे."

मग धापा टाकत त्याने सांगितलं. झाकण उघडं ठेवायचं नाही, पिल्लांना गार वारा लागता कामा नये. नर घरट्याखाली आहे, त्याला तसाच राहू द्यायचा. पिल्लं निघाली की घरट्याला उभी लोंबतील. आडवी होऊन पोहायला लागली की नराला काढायचं. "फक्त..." एक कळ आली, ती जाईपर्यंत तो थांबला. "तो पिल्लं खायला लागला तर लगेच काढा. वाट बघू नका."

ऑपरेशन नीट पार पडलं. तो निरोप आला तशा वहिनी वर गेल्या आणि टाकीसमोर ठाण मांडून बसल्या. दुकानात त्यांनी सुट्टी मागितली.

"घरी बाळंतपण आहे."

"अरे वा. कोणाचं?" मालकाने विचारलं.

"दिराचं," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पिल्लं निघाली तेव्हा त्या समोरच होत्या. दुकानातलं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं होतं. काल जिथे नुसते पांढरे कण होते तिथे आता कणांना केसाएवढ्या शेपट्या फुटल्या होत्या आणि ती सगळी फौज बुडबुड्यांखाली उभी लोंबत होती. वहिनींनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मधूनच एखादं पिल्लू सुटायचं आणि गिरक्या घेत तळाकडे जायचं. पुन्हा वर यायची त्याच्यात ताकद नसायची. असंच एक सुटलं, आणि घरट्याखाली फिरणारा म्हातारा झपकन खाली गेला, आ केला आणि ते तोंडात घेतलं. लगेच दुसरं. मग तिसरं.

भाऊजींनी सांगितलं होतं तेच, डोळ्यांदेखत. वाट बघू नका, असंही सांगितलं होतं. घाबरल्या तरी वहिनींचा हात कधी कापत नाही. त्यांनी झाकण सरकवलं, काचेचा ग्लास पाण्यात तिरपा धरला आणि हळूहळू नराच्या मागे नेला. तो आपसूक आत आला. ग्लास उचलून त्यांनी त्याला रिकाम्या बरणीत सोडलं, वर त्याच टाकीतलं थोडं पाणी घातलं, झाकण लावलं आणि बरणीला पुठ्ठा टेकवला, म्हणजे त्याला आपली करणी दिसायला नको.

"लाज नाही वाटत?" त्या बरणीला म्हणाल्या.

आता पिल्लं सुखरूप राहतील अशी त्यांची कल्पना. पण पिल्लं सुटून खाली जायची ती जातच होती. थोड्या वेळाने तळाशी चार-पाच दिसली, मग पुष्कळ. तिथे पडून ती नुसती वळवळत होती. वहिनींनी दिराला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. ज्या माणसाने जन्मात काही मागितलं नाही त्याने एकच गोष्ट सोपवली, आणि ती आपल्या हातून वाया चाललीय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. फोन लावायच्या त्या थांबल्याच नाहीत. फोन बंदच.

मग त्यांनी पिशवीतून डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर काढला, धुतला आणि तळाचं एक पिल्लू अलगद ओढून घेऊन घरट्याखाली सोडलं. ते बुडबुड्याला चिकटलं. हे जमतंय म्हणून त्या दुसऱ्याकडे वळल्या, तोवर पहिलं सुटून खाली. साऱ्या गावाच्या नाकांवर चष्मे बसवलेले हात, पण इथे काही केल्या पुरे पडेनात. एक वर न्यावं तर दोन खाली यावीत. पाठ भरून आली, डोळे चुरचुरायला लागले, घामाने चष्मा घसरायला लागला. त्यांनी तो सरळसुद्धा केला नाही.

दुपारी नवरा बेकरीतून आला आणि बायको खाली दिसेना म्हणून पिठाच्या कपड्यांनीच जिना चढला.

"काय चाललंय?"

"बाप लेकरं खात होता. मी बाहेर काढला. आता लेकरं बुडताहेत."

नवऱ्याने टाकीत डोकावून पाहिलं. त्याला काहीच दिसलं नाही. मग त्याने बरणीचा पुठ्ठा बाजूला केला. "याला का कोंडलंय मग? हा तर इथे फेस काढतोय."

"काढू दे. फेस काढायला काय जातं त्याचं?"

"अगं, पण फेसात काहीतरी हलतंय."

वहिनींनी ड्रॉपर खाली ठेवला. बरणीजवळ गेल्या, भिंग डोळ्याला लावलं. काचेच्या कडेला म्हाताऱ्याने बुडबुड्यांचं बोटाच्या पेराएवढं नवं घरटं बांधलं होतं. त्याखाली तीन पिल्लं उभी लोंबत होती, शेपट्या हलवत. त्यांच्या डोळ्यांसमोर एक सुटलं. नर खाली गेला, त्याने ते तोंडात घेतलं, वर आला, दोन बुडबुडे सोडले आणि पिल्लू त्यात हळूच थुंकून दिलं.

तो खात नव्हता. तो सकाळपासून तेच काम करत होता जे वहिनी मघापासून ड्रॉपरने करत होत्या, फक्त त्याला ते येत होतं. आणि त्या सगळ्या गडबडीत, ग्लासातून बरणीत आणि बरणीत पुठ्ठ्याआड, तो तिघांना तोंडात धरून बसला होता.

वहिनींना अशी शरम वाटली की काही विचारू नका. "मी त्याला काय काय बोलले," त्या म्हणाल्या.

"त्याला कुठे ऐकू येतंय," नवरा म्हणाला. "परत सोड त्याला."

"एवढं हलवल्यावर आता बिथरला असेल. खरंच खाल्ली तर?"

"आणि नाही सोडलं तर?"

तळाशी पडलेली पिल्लं आता वळवळायचीही थांबायला लागली होती. परत सोडायचं नाही असं दिराने सांगितलं नव्हतं, पण सोडा असंही सांगितलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याला झाकण धरायला लावलं, बरणी टाकीत बुडवली आणि तोंड पाण्याखाली तिरपं केलं. म्हातारा बाहेर आला. त्याच्यामागून ती तीन पिल्लंही आली.

तो कोपऱ्यात जाऊन पर मिटून उभा राहिला. बराच वेळ हलला नाही. वहिनींनी श्वास रोखून धरला, नवऱ्यानेही, का ते माहीत नसताना. मग नर सावकाश घरट्याखाली आला. मोडलेल्या कडेला त्याने थोडे बुडबुडे सोडले. वळला, तळाशी गेला, आणि पिल्लं तोंडात घ्यायला लागला. एक, दोन, चार. गालफडं हलत होती, चावल्यासारखी. वहिनींनी ग्लास हातात घेतला. घेतला आणि परत खाली ठेवला. त्यांच्या आयुष्यात हाताशी आलेलं काम न करता बसायचा हा बहुधा पहिलाच प्रसंग.

नर वर आला. बुडबुड्यांचा एक झुबका सोडला, आणि त्यात चारही पिल्लं लागली, शेपट्या हलवत.

वहिनी मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. नवऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो हात पिठाचा होता, त्यामुळे पाठीवर पंजा उठला. संध्याकाळपर्यंत तळ स्वच्छ झाला. थोडी पिल्लं गेली असतील, पण घरटं गच्च होतं. वहिनींनी झाकण घट्ट लावलं आणि पुढचे दिवस त्या टाकीसमोर हाताची घडी घालून बसल्या.

हॉस्पिटलात नवराच जात होता. त्याला वहिनींनी बजावून ठेवलं होतं, "माशांबद्दल एक अक्षर काढायचं नाही. चूक माझी आहे, मीच सांगेन." नवरा आज्ञाधारक. भावाने विचारायच्या आतच त्याने सांगून टाकलं, "माशांचं मला काही विचारू नकोस. काय ते तुझी वहिनी सांगेल." वर तोंडही तसंच केलं. त्यानंतर दिराने विचारलं नाही. वहिनींच्या फोनलाही त्याचा उलटा फोन आला नाही. त्याला कुठूनतरी कळलं असणार, तो रागावला असणार, अशी वहिनींची खात्री पटली.

घरी यायच्या दिवशी त्या त्याला आणायला गेल्या. टॅक्सीत दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होती. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली होती, म्हणून खालच्या खोलीत त्याची खाट टाकली होती. तो खाटेवर टेकला. चष्मा नाकावर वाकडा होता. वहिनींनी हात पुढे केला नाही, यावरून त्यांची अवस्था ओळखावी.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं हात लावू नका. मी नराला बाहेर काढलं."

"बरं," तो म्हणाला. नजर जमिनीकडे.

"तो तोंडात घेत होता, मला वाटलं खातोय. तोंडात घेतो हे तुम्ही सांगितलंच नव्हतं."

"सांगायचं राहिलं." त्याने चादरीची कड सरळ केली. मग म्हणाला, "जाऊ द्या, वहिनी. गेली ती गेली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"कोण गेली?"

"पिल्लं."

"पिल्लं कुठे गेली? ती वर पोहताहेत. मी नराला परत सोडलं ना. सकाळपासून आडवी होऊन सगळ्या टाकीभर हिंडताहेत."

दिराने पहिल्यांदाच वर पाहिलं. "परत सांगा."

वहिनींनी परत सांगितलं, या वेळी सगळं, ग्लास, पुठ्ठा, ड्रॉपर, नवऱ्याचा पंजा, काही न गाळता. त्या म्हाताऱ्याला लाज नाही वाटत का असं विचारलं होतं, तेही. तिथे दीर हसायला लागला. पोटावर हात दाबून म्हणाला, "हसवू नका, टाके दुखताहेत," आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. उशीजवळचा टॉवेल घेऊन त्याने तोंडावर धरला.

"तुमचा फोन का लागत नव्हता?" वहिनींनी विचारलं.

"बॅटरी गेली होती. शेजारच्या पेशंटच्या चार्जरवर चालू केला तर तुमच्या मिस्ड कॉलचे मेसेजच मेसेज." टॉवेलाआडून तो बोलत होता. "म्हटलं, संपलं. उलटा फोन करायचा धीर झाला नाही. तीन दिवस त्या फोनकडे पाठ करून झोपलो. आणि त्यात दादाचं ते तोंड."

"अहो, मला वाटलं तुम्ही रागावलात."

"मला वाटलं तुम्हाला सांगवत नाहीये."

वहिनींना इतकं हलकं वाटलं की त्यांनी हात पुढे करून त्याचा चष्मा काढला, पुसला, सरळ केला आणि परत बसवला. त्यानेही मान जरा पुढे केली.

"मागच्या वेळी मीही असंच पाहिलं होतं," तो मग म्हणाला. "तोंडात घेताना. अंडी खाल्ली होती ना त्याने, म्हणून मनात संशय होताच. काढला त्याला. परत सोडायचं धाडस मला झालं नाही. पिल्लं गेली आणि आजवर मी त्यालाच दोष देत आलो." त्याने टॉवेलाची घडी घातली, उलगडली. "बरं झालं माझा फोन बंद होता. लागला असता तर मी म्हटलं असतं, सोडू नका."

वहिनींनी त्याच्या हातातला टॉवेल घेऊन उशीजवळ ठेवला.

"आडवी पोहताहेत म्हणालात ना," दीर म्हणाला. "मग आज नर काढायला हवा. आता त्याचं काम झालं. आता ठेवला तर मात्र खरंच खाईल."

"तेच विचारणार होते. कसा काढू? पिल्लं सगळीकडे पसरलीत. नीट सांगा, मी एकेक लक्षात ठेवते."

त्याने सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला.

वहिनी जिना चढून वर गेल्या. दार त्यांनी मुद्दामच उघडं ठेवलं, खालून काही सांगायचं झालं तर ऐकू यावं म्हणून. झाकण सरकवलं, ग्लास तिरपा धरून पाण्यात बुडवला आणि म्हातारा फिरत फिरत जवळ येईपर्यंत थांबल्या. पिल्लं ग्लासाच्या कडेने बाजूला झाली. खालून "सावकाश" असंसुद्धा कोणी म्हणालं नाही.